लिओनेल मिशोचं पिस्तूल

लिओनेल मिशोने पिस्तुलाची गोळ्यांनी भरलेली मॅगझीन काढली, नळीत गोळी राहिलेली नाही हे करंगळीने चाचपून पाहिलं आणि मगच ते रेनोच्या नाकासमोर धरलं.

"बघ. हात लावायचा नाही."

"माझ्या हाताला काय झालंय?" रेनो तारदिफ म्हणाला.

"तुझे हात मी शाळेपासून ओळखतो, लेका."

रेनो खो खो हसला. दोघं वॉर्डनांच्या कचेरीबाहेर लिओनेलच्या पिकअपमध्ये बसले होते. रेनोची गाडी गॅरेजमध्ये पडली होती, आणि जेवण मिळणार असेल तर तो कुणाबरोबरही कुठेही जाई. लिओनेल जन्मभर गेम वॉर्डन होता, म्हणजे शिकारीच्या कायद्याचा जंगलातला पोलीस. रेनो जन्मभर तो कायदा मोडत आला होता. तुम्ही दोघांनी एकमेकांना पोसलंत, असं लिओनेलची बायको जर्मेन म्हणे, आणि त्यात काही खोटं नव्हतं.

वसंतात निवृत्त होताना लिओनेलला पिस्तूल जमा करावं लागलं होतं. जुनी पिस्तुलं राज्य सरकार व्यापाऱ्यांना विकून टाकत असे. हे त्याला अजिबात सहन होईना. दोन-तीन जुन्या वॉर्डनांना घेऊन तो राजधानीत गेला आणि आमदारांच्या समितीचं डोकं खात बसला. "हे माणसावर कधी चाललं नाही," तो त्यांना म्हणाला होता. "ट्रकांनी उडवलेल्या जनावरांचे हाल मात्र यानेच थांबवले. ते कुणा परक्याच्या दुकानात पडलेलं मला बघवणार नाही." समितीने मान डोलावली, निवृत्त वॉर्डनला आपलं पिस्तूल विकत घेता येईल असा कायदा झाला, आणि आज सकाळी स्वतःचं पिस्तूल त्याने स्वतः विकत घेतलं. आता त्याने मॅगझीन परत बसवली आणि ते जुन्या चामडी होल्स्टरमध्ये सरकवलं. होल्स्टर जर्मेनच्या बापाने, गावच्या चांभाराने, लग्नात शिवून दिलं होतं.

"पोराला न्हाऊमाखू घातल्यासारखं करतोयस," रेनो म्हणाला.

"तू गप बस आणि पट्टा लाव."

बटाट्याची काढणी आटोपलेली होती, शेतं तपकिरी उघडी पडली होती. शेतं संपून जंगल लागलं तशी फोनची रेंजही गेली. तलावाकडच्या वळणावर लाकडाचा एक ट्रक आडवा उभा दिसला. ड्रायव्हर डोकं धरून रस्त्यावर उभा होता.

ट्रकखाली आलेली मूस या अवाढव्य हरणाची मादी होती, घोड्याहून उंच. मागचे दोन्ही पाय मोडून खाली दुमडले होते आणि ती पुढच्या पायांवर उठू पाहत होती. दर वेळी अर्धी उठून पुन्हा पडत होती. प्रत्येक वेळी तिच्या नाकातून भात्यासारखा आवाज निघत होता.

"टेकडीवर जा, तिथे फोन लागतो," लिओनेल ड्रायव्हरला म्हणाला. "वॉर्डन डॅना प्लूर्डला बोलाव."

ट्रक गेला. डॅना तलावाच्या पलीकडे असणार, म्हणजे अंधार पडेपर्यंत काही येत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. मादी पुन्हा उठली, पुन्हा पडली.

"तू आता वॉर्डन नाहीस, लिओ," रेनो म्हणाला. त्यात टोमणा नव्हता.

"माहीत आहे."

जखमी मूसला वॉर्डनने किंवा वॉर्डनच्या परवानगीनेच मारायचं, असा कायदा होता. तो लिओनेलइतका कुणी पाळला नसेल. रेनोच्या गाडीखाली एकदा अशीच एक मादी आली होती आणि रेनोने बापाच्या रायफलने तिला मारलं होतं. ती जगणार नव्हती, असं तो शपथेवर सांगत होता. सगळे असंच सांगतात, म्हणून लिओनेलने कोर्टाच्या दंडाचं तिकीट लिहिलं आणि रायफल जप्त केली. पट्टा तरी सोडून दे, बापाने हाताने विणलाय, असं रेनो म्हणाला होता. पट्ट्याने कुणाला मारलंय? "सगळं जमा होतं," लिओनेलने उत्तर दिलं होतं. रायफल आणि पट्टा, दोन्ही लिलावात गेलं. रेनोच्या दारामागच्या, रायफल टांगायच्या खुंट्या तेवढ्या राहिल्या.

मादीने मान उचलून लिओनेलकडे पाहिलं. त्याचा जीव तुटला. तो पिकअपकडे गेला, होल्स्टर घेऊन आला, तिच्या मागच्या बाजूने गुडघ्यावर बसला आणि कानामागे एकच गोळी घातली. मग त्याने पिस्तूल रिकामं केलं आणि पिकअपच्या मागच्या फळीवर ठेवलं. मॅगझीन वेगळी, होल्स्टर वेगळं. शिकाऱ्यांना तो हे असंच ठेवायला लावायचा.

डॅना आली तेव्हा अजून थोडा उजेड होता. लिओनेलच्याच हाताखाली शिकलेली पोरगी. मादीकडे पाहून तिने सुस्कारा सोडला.

"तुम्ही होतात म्हणून बरं, सार्जंट."

"मी सार्जंट नाही. तिकीट लिही."

"काहीतरीच काय! मी फोनवर परवानगी दिली, असं लिहिते."

"इथे फोन लागतो?"

डॅनाने खिशातला फोन काढून पाहिला. रेनो खाकरला. "मी साक्षीदार आहे. ती आपली आपणच मेली."

"कानामागे भोक पाडून?" लिओनेल म्हणाला. "तिकीट लिही, डॅना. आणि पिस्तूल घे. पुरावा आहे."

"आज सकाळीच घेतलंत ना तुम्ही हे?" तिचा आवाज चिरकला. "न्यायाधीश ते परत देतीलच असं नाही."

"नाही दिलं तर नाही."

तिने तिकीट लिहिलं. पिस्तूल आणि मॅगझीन पिशवीत घातली. मग होल्स्टर हातात घेऊन ती घुटमळली.

"हे राहू दे?"

"सगळं जमा होतं," लिओनेल म्हणाला. आवाज नेहमीचाच होता, ठाम.

रेनो पुढे झाला आणि त्याने होल्स्टर तिच्या हातातून काढून घेतलं.

"चामड्याने कुणाला मारलंय?" तो म्हणाला.

लिओनेलने अडवायला हात वर केला. तो तसाच थोडा वेळ वर राहिला, मग खाली आला. डॅनाला त्यातलं काही कळलं नाही. तिने पिशवी बंद केली.

परतताना होल्स्टर दोघांच्या मध्ये सीटवर पडलेलं होतं. गावचे दिवे दिसू लागले.

"तुझ्या त्या खुंट्यांवर आता काय टांगतोस?" लिओनेलने विचारलं.

"काही नाही," रेनो म्हणाला. होल्स्टर उचलून त्याने त्यावरची धूळ बाहीने पुसली. "तू हे टांग. तुझी खुंटी तरी रिकामी दिसायला नको."