मागच्या सीटवरचं वजन

माझा थोरला भाऊ बाबूराव पोर्ट लुईच्या सरकारी कचेरीत हेडक्लार्क होता. आपण ज्याला गुंडाळू शकणार नाही असा माणूस अजून जन्मायचा आहे, असं त्याचं पक्कं मत होतं. नवरा गेल्यावर मी पांपलमूसला त्याच्याच घरी राहायला आले. मग वहिनीही गेली. तेव्हा त्यांची मुलगी कुंती सहा वर्षांची होती, तिची वेणी तेव्हापासून मीच घातली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे जे झालं त्यात माझा हात किती, ते कळेल.

एक्याऐंशी साली कुंती बावीसची झाली. मंडळाच्या गणपतीत रोझ बेल गावच्या नवीन नावाच्या मुलाशी तिचं जुळलं. साखर कारखान्यात फिटर, बोलायला कमी, हात सोन्याचे. त्याच्या आईने रीतसर मागणी घातली. दादाने हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. "बघू" म्हणाला आणि चार महिने त्या मायलेकांना तेवढ्यावरच झुलवत ठेवलं.

त्यात आमच्या जुन्या हिरव्या गाडीच्या मागच्या चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे बसले. खड्डा आला की मागची बाजू दाणकन आपटायची. गॅरेजवाले सगळे चोर, असं दादाचं म्हणणं. तो मला म्हणाला, "नवीनला सांगून धाड, शनिवारी ये म्हणावं. घरचंच काम हाय. मंग बसून बोलू."

त्याच शनिवारी दुपारी कुंतीला प्लेन मान्येन गावी दाखवायला न्यायची होती. सत्यनारायण नावाचा मुलगा, विमानतळावर कचेरीत नोकरी. दादाने आतल्या आत सगळं ठरवलं होतं आणि फक्त मला सांगितलं होतं. तरी निरोप मीच धाडला. वर "चांगला शर्ट घालून ये" असंही कळवलं. भावाच्या घरात राहणाऱ्या बाईला तोंड नसतं म्हणतात. मला होतं, आणि ते मी असं वापरलं.

शनिवारी सकाळी नवीन दोन बस बदलून आला. अंगात पांढरा शर्ट, खांद्यावर गोणपाटात बांधलेले दोन जड पाटे. कारखान्यातल्या मोडीत निघालेल्या गाडीचे त्याने मागून घेतले होते आणि रात्रपाळी संपल्यावर घासूनपुसून ठेवले होते. शर्ट काढून त्याने लिचीच्या फांदीला अडकवला आणि गाडीखाली शिरला. दादा खुर्ची टाकून बसला. गंजलेल्या बोल्टना तेल पाजून झालं, ठोकून झालं, शेवटी दोन तर करवतीने कापावे लागले. "जपून कर, मो गार्सों," दादा मधूनमधून म्हणायचा. माझ्या पोरा, असं! आमच्या घरात कधी कुणाला इतक्या मायेने हाक मारलेली मी ऐकली नव्हती.

कुंती त्याला पाणी द्यायला गेली ती नवी साडी नेसून. दुपारी बाहेर जायचंय, एवढंच दादाने तिला सांगितलं होतं. पाटे बसवून गाडी रोझ बेललाच निघणार, नवीनच्या आईकडे, असं ती धरून चालली. तोही तसंच धरून चालला होता. दोघांचे चेहरे बघवत नव्हते इतके खूश होते.

पाटे चढले. नवीनने चारही चाकांखाली जाड ठोकळे सरकवून गाडी त्यांवर उतरवली आणि जॅक काढला. म्हणाला, "काका, बोल्ट आत्ता नुसते अडकवलेत. गाडीत वजन बसू द्या, पाटे दबू द्या, मंग आवळतो. लोंबत्या पाट्यावर आवळलं तर रबर पिळवटून फाटतंय."

"कोरेक, बरोबर हाय," दादा म्हणाला. "कुंते, मागं बस. भगवती, तूबी बस."

आम्ही बसलो. खाली पाना फिरू लागला. एक बोल्ट झाला, दुसरा झाला, तिसरा झाला. तेव्हा दादा खुर्चीतूनच, पानसुपारी मागावी तशा आवाजात म्हणाला, "लवकर आवर रे. प्लेन मान्येनला चारच्या आत पोचायचं हाय. पोरीला बघायला लोकं वाट बघत असतील."

पाना थांबला.

कुंतीने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. तेवढ्यात तिला सगळं कळलं. तिने दाराला हात घातला, तसा दादा ओरडला, "पा बूझे! हलू नको! तो खाली हाय, गाडी ठोकळ्यांवर हाय!"

ती जागच्या जागी गोठली. श्वाससुद्धा जपून घेत होती. मग चौथ्या बोल्टवर पाना बसला आणि फिरला. पुन्हा फिरला. आधीच्या तिन्हींपेक्षा जास्त वेळ तो आवळत राहिला.

नवीन बाहेर आला. ठोकळे काढले, अवजारं पुसली, काळ्या हातांनीच शर्ट अंगात घातला आणि कुणाकडे न बघता बसच्या रस्त्याला लागला. गरज सरो वैद्य मरो म्हणतात. आमच्याकडे वैद्याला जेव म्हणायलाही कुणी उठलं नाही.

गाडी लोण्यासारखी चालली. क्युरपीप मागे पडल्यावर दादा खुशीत आला आणि स्टिअरिंगवर थाप मारून म्हणाला, "भगवती, डोकं लागतंय. चिडून एखादा बोल्ट सैल ठेवला असता त्यानं, तर? म्हणून कुंतीला मागं बसवली आन् मंगच सांगितलं. पोरगी बसल्यावर सैल सोडायचा न्हाय तो. जीव गेला तरी न्हाय."

मी हसले. हो, हसले. तोंडात त्याचं अन्न होतं.

कुंती निघाल्यापासून पहिल्यांदा बोलली. आवाज अगदी शांत होता.

"बाबा, एवढं ठाऊक हाय तुम्हाला त्याचं. तरी मला दुसरीकडं देता?"

दादाने गिअर बदलला. उसाच्या शेतांमधून गाडी धावत राहिली, रोझ बेल आलं आणि गेलं, मागून एवढासुद्धा आवाज आला नाही. साडेपाचला सुपारी फुटली. तबक मी धरलं होतं.