सहाच्या आठ

पर्किसने त्या सहा खुर्च्या आमच्या अंगणात उतरवल्या, तेव्हाच त्याचा चेहरा मला आवडला नव्हता. पर्किस म्हणजे इंग्लंडातल्या आमच्या सफकमधला जुन्या फर्निचरचा व्यापारी. बसलेल्या माणसाच्या खालची खुर्ची गोड बोलून विकत घेईल असा. माझा नवरा क्लेम त्याच्यासाठी डागडुजी करायचा आणि गाद्या मी भरायचे.

खुर्च्या मात्र देखण्या होत्या. ढालीसारखी पाठ, खाली निमुळते होत गेलेले पाय, महॉगनीला पिढ्यान्‌पिढ्यांच्या हातांनी आलेली झिलई. हेपलव्हाइट नावाच्या जुन्या नामांकित सुताराच्या घडणीच्या. अर्थात ते आपलं म्हणायचं. त्या भल्या माणसाच्या हातची म्हणून सिद्ध झालेली एकही खुर्ची जगात नाही. तो गेल्यावर बायकोने त्याने काढलेली खुर्च्यांची चित्रं छापली आणि ती पाहून देशभरच्या सुतारांनी खुर्च्या केल्या. मला त्या बाईचं फार कौतुक वाटतं. नवरा गेला तरी तिने त्याला जाऊ दिलं नाही.

पर्किसला अमेरिकन गिऱ्हाईक मिळालं होतं आणि त्याला आठ हव्या होत्या. "सहाच्या आठ कर," तो क्लेमला म्हणाला. आमच्या धंद्यातली ही जुनी लबाडी. एका खुर्चीचा मागचा पाय काढायचा, दुसरीची पाठ, तिसरीची पट्टी, आणि त्या जागी नवं लाकूड बसवायचं. मग काढलेल्या भागांत थोडी भर घालून आणखी दोन खुर्च्या उभ्या करायच्या. आठांतली एकही पूर्ण खरी राहत नाही, पण एकीलाही पूर्ण खोटी म्हणायची सोय नसते. क्लेमला हे काम पटायचं नाही. तरी आपल्याला ते किती बेमालूम जमतं, याचा ताठाही होताच.

त्यातून पर्किसला घाई. सरस, म्हणजे हाडाकातड्याचा जुना गोंद, शिजवून, लावून, वाळायची वाट बघायला त्याला सवड नव्हती, म्हणून त्याने डब्यातला नवा गोंद आणून दिला. सरस गरम पाण्याने सुटतो, पुढच्या माणसाला आपली चूक निस्तरता येते, असं क्लेम आयुष्यभर सांगत आला होता. या वेळी मात्र त्याने डबा उघडला.

पहिला पाय काढला त्या संध्याकाळी क्लेम ताठ चालत घरात आला. लहानपणी झाडावरून पडल्यापासून त्याचा डावा गुडघा धरायचा. ओल्या हवेत जिना चढताना तो शिव्या घालायचा. मला आनंदच झाला. मग एका खुर्चीची पाठ निघाली आणि त्याच्या अंगठ्यावरचा पटाशीचा जुना व्रण गेला. मी त्याचा हात खिडकीशी नेऊन पाहिला. कातडी नवीकोरी होती. बरंच झालं की, म्हणत त्याने हात सोडवून घेतला. पुढे चहात साखर नको झाली. काम करताना तो बेसूर शीळ घालायचा, तीही थांबली. इतकी वर्षं मी त्या शिळेला नावं ठेवली होती. आता कामाच्या खोलीतल्या शांततेने माझ्या अंगावर काटा यायला लागला.

रविवारी मी फुलं घेऊन निघाले. आमची लेक टिली लहानपणीच घटसर्पाने गेली. दर रविवारी आम्ही दोघं तिच्या थडग्याशी जाऊन बसतो. क्लेम पेपर वाचत होता. चल म्हटलं, तर त्याने अगदी सौजन्याने विचारलं, "टिली कोण?"

फुलं तशीच टेबलावर राहिली.

दुपारी मी नव्या जुळवलेल्या दोन खुर्च्यांच्या गाद्या भरायला घेतल्या. हात कामात असले की डोकं ठिकाणावर राहतं. गादी भरून झाली की मी स्वतः बसून बघते. एकीत बसले आणि डाव्या गुडघ्यात कळ आली. माझे गुडघे आजही धडधाकट आहेत. दुसरीत बसले, तर अगदी कानाशी कुणीतरी शीळ घालत होतं, आणि सूर चुकला होता.

मी क्लेमला हाक मारली आणि हाताला धरून तिथे बसवलं. त्याचा चेहरा बघता बघता म्हातारा झाला. "मॉड," तो म्हणाला, "तिला गार लागत असेल गं. तिचा स्वेटर आपण घरीच ठेवला." आणि तो हमसून हमसून रडला. मी त्याला कवटाळलं. मग तो उठला, गालाला बोट लावलं आणि ओल्या बोटाकडे नवलाने बघत राहिला.

मी पाणी उकळलं. जुने भाग सोडवून आपापल्या जागी बसवायचे, एवढंच डोक्यात होतं. सांध्यांवर पाणी ओतलं, गरम फडकी गुंडाळली, लाकडी हातोड्याने ठोकलं. तो गोंद हलला नाही. करवतही हातात घेतली, पण तिने नेमकं काय कापलं जाईल, या भीतीने परत ठेवली. मी भिंतीला टेकून मोठ्याने रडले. क्लेमने मला चहा आणून दिला.

सकाळी पर्किसची लॉरी आली. क्लेमने सगळ्यांत आधी त्या दोन खुर्च्याच उचलून लॉरीत चढवल्या. मी आडवी गेले.

"जाऊ दे गं," तो म्हणाला. "त्यात जो कोणी आहे, तो फार दुःखात आहे. मला नको तो परत."

"मला हवाय."

"मी वाईट आहे का? लंगडत नाही, रडत नाही, तुझ्यावर खेकसत नाही."

वाईट नव्हताच तो. पण टिलीची हाक ऐकलेले या जगात आम्ही दोघंच होतो, आणि त्यातला दुसरा लॉरीत चढला होता. मीही चढले. पर्किसला म्हटलं, मला नि या दोन खुर्च्यांना इप्सविचला माझ्या बहिणीकडे सोड.

"बाई, सौदा आठांचा झालाय," तो कुरकुरला.

"मग तुझ्या अमेरिकनालाच विचारते, सहाच्या आठ कशा होतात ठाऊक आहे का म्हणून."

पर्किसने इंजिन सुरू केलं. क्लेम उंबऱ्यात उभा होता. "रात्री मग एकट्यापुरतंच करू ना जेवायला?" त्याने विचारलं.

मी हो म्हणाले. त्याने मान डोलावली आणि धूळ आत येऊ नये म्हणून दार हलकेच लावून घेतलं.