लोखंडाचे हात

नूतनने खिडकीत तीन पेल्यांवर तीन कांदे ठेवले, त्याच दिवशी बायनाबाईच्या मनात पाल चुकचुकली. चार दिवसांत कांद्यांच्या बुडाला पांढरी मुळं लोंबू लागली आणि सून रोज सकाळी आठला कात्रीनं त्यांची टोकं छाटून बाटलीत भरू लागली.

"शाळेत दाखवायला लागतं, आई. मुळाच्या टोकाशी पेशी वाढतात. एकीच्या दोन, दोनाच्या चार."

सावली गावच्या शाळेत विज्ञान शिकवणारी सून खायचा कांदा नासवते, एवढं बायनाबाईनं एक वेळ पोटात घातलं असतं. पण कांद्याकडे बघता बघता ही बाई सासूच्या हाताकडे काय बघते? एकदा नाही, दहादा पाहिलं. कुठंतरी पाणी मुरत होतं.

आणि हात तरी कुणाचे! सगळ्या वस्तीत नावाजलेले. विहारात जेवण असलं की भाताचा मोठा गंज बायनाबाईच्याच हवाली. रटरटत्या गंजावरचं झाकण ती नुसत्या हातानं उचलायची, निखारे बोटांनी सरकवायची आणि बायका तोंडात बोटं घालायच्या. 'बाईचे हात लोखंडाचे' असं गाव म्हणायचं आणि ते ऐकून तिला बरं वाटायचं. गेल्या दोन-तीन वर्षांत तर हात आणखीच पक्के झाले होते. नवरा वामनराव गेल्यावर तिचं स्वतःचं म्हणून काय उरलं होतं? हे हात आणि विहारातला तो गंज. येत्या आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपणार होता, अख्ख्या वस्तीचं जेवण होतं.

त्यातच सुनेनं चुलीजवळ जाड फडकं आणून ठेवलं. बायनाबाईनं ते भांडी पुसायला घेतलं. दुसऱ्या दिवशी दुसरं फडकं आलं. मग एका रविवारी नूतन तेलाची वाटी घेऊन बसली, "आणा, हात चोळून देते." लग्नाला सहा वर्षं झाली, आजच कुठून आली ही माया?

चोळता चोळता तिनं विचारलं, "कोपराच्या वर हे फिक्कट कधीपासून आहे?"

"शिबं हाये ते. तुले काय करायचं?"

बायनाबाईनं हात ओढून घेतला. घरोघर डाग विचारत फिरणाऱ्या आशाताईलाही तिनं नाही म्हणूनच सांगितलं होतं. पोलक्याच्या बाहीआडचं कुणाला कशाला दाखवायचं?

मंगळवारी मागच्या अंगणात लुगडं वाळत घालताना तिच्या कानावर सुनेचं फोनवरचं बोलणं पडलं. नूतन आवाज दाबून बोलत होती. "नाही, त्यांना अजून सांगितलं नाही... प्रफुललाही नाही... हो, उद्या घेऊन येते. सहा महिने? की वर्षभर?"

बायनाबाईनं लुगडं तसंच दोरीवर टाकलं. म्हणजे हे असं होतं! म्हातारीला कुठंतरी नेऊन टाकायची, पोराला ताकास तूर लागू द्यायची नाही, आणि चूल आपल्या ताब्यात घ्यायची. तेल काय, फडकं काय, सगळा त्याचाच बनाव.

सून शाळेत गेली तशी ती सुनेच्या टेबलाशी गेली. आयुष्यात पहिल्यांदा तिनं दुसऱ्याच्या वह्या उघडल्या. एका पानावर पेन्सिलीनं काढलेला हात होता. करंगळी जराशी वाकलेली. धानाच्या रोवण्या करून करून आपली वाकली आहे तशीच. हातावर जागोजागी फुल्या मारलेल्या आणि पानावर टाचणी अडकवलेली. करणी-बिरणी काही नसतं, हे तिनं उभा जन्म लोकांना ठणकावून सांगितलं होतं. तरी टाचणीला बोट लागू न देता तिनं वही मिटली.

दुपारी नूतन दारात आली तशी बायनाबाईनं वही तिच्यासमोर आदळली.

"हा माहा हात हाये ना? कुठी नेऊन टाकून राह्यली मले? सहा मैने का वर्षभर?"

खांद्यावरची पिशवीही न उतरवता नूतन समोर बसली. "आई, एकदाच ऐका. डोळे मिटा. मी हाताला काही टेकवलं की 'हो' म्हणा. मग मला काय बोलायचं ते बोला."

हाही काहीतरी डावच होता. पण नाही म्हटलं तर भ्याल्यासारखं दिसलं असतं, म्हणून बायनाबाईनं डोळे गच्च मिटून हात पुढं केला.

अंगठ्याला काहीतरी टेकलं. "हो." पहिल्या बोटाला टेकलं. "हो."

मग काहीच झालं नाही. ती वाट बघत राहिली. बाहेर कोंबड्या कलकलत होत्या. उठून गेली की काय ही?

"लाव ना, काऊन थांबली?"

तिनं डोळे उघडले. नूतन समोरच होती, हातात पेन, आणि डोळ्यांत पाणी. बायनाबाईच्या करंगळीवर आणि तळहाताच्या कडेला शाईचे पाच निळे ठिपके होते.

"चटका बसला की माणूस कळायच्या आधीच हात मागं घेतो. पोरांना हे शिकवता शिकवता मला तुम्ही आठवलात," नूतन म्हणाली. "तुमचा हात मागं येत नाही, आई. हात लोखंडाचा नाही, नस सुन्न झाली आहे. भाजलं की कातडी नवी येते, त्या कांद्याच्या मुळासारखी, एकीच्या दोन पेशी होत होत. नसांच्या पेशी तशा दुप्पट होत नाहीत. जेवढं वाचलंय तेवढं आत्ताच वाचवायचं."

रोगाचं नाव नूतननं घेतलं नाही. शेवटी बायनाबाईनंच घेतलं.

"महारोग."

तिच्या बापाची बहीण बांधावरच्या झोपडीत राहायची. लहानपणी बायनाबाई तिला भात द्यायला जायची. पानावरचा भात दुरूनच काठीनं पुढं ढकलायचा, असं घरच्यांनी शिकवलं होतं. तिनं तो तसाच ढकलला होता.

"डॉक्टरांनी बघितल्याशिवाय नक्की नाही. असला तरी गोळ्यांनी बरा होतो. सहा महिने, नाहीतर वर्षभर. तेच मी डॉक्टरांना विचारत होते फोनवर. वहीतल्या फुल्या म्हणजे असं टेकवून बघायच्या जागा, टाचणीनंही बघतात."

"मंग प्रफुलले काऊन नाई सांगितलं?"

नूतनची शाळेतली भाषा सुटली. "आधी तुमाले सांगाचं होतं. हात तुमचा हाये ना."

बायनाबाईला स्वतःची एवढी लाज वाटली, की सुनेकडे बघवेना. त्या रागात ती सकाळपासून जेवली नव्हती, ते नूतननंच ओळखलं आणि ताट वाढलं.

बुधवारी डॉक्टरांनी तपासलं आणि संशय खरा ठरला. गोळ्या सुरू झाल्या. आता तुमच्यापासून कुणाला लागण नाही, खुशाल रांधा, पण फडकं घेऊन, असं डॉक्टरांनी बजावलं.

पौर्णिमेला विहारामागं चुली पेटल्या. बायनाबाईनं दोन्ही हातांत जाड फडकी घेऊन गंजावरचं झाकण उचललं आणि बायकांत एकच हशा पिकला.

"काऊन बाई, लोखंड नरम पडलं का?" वरणाच्या चुलीवरून निशा ओरडली. निशा शेजारची सून, तिशीचीही नाही.

बायनाबाईनं झाकण खाली ठेवलं. खरं सांगितलं तर या गंजातला भात कोण खाणार होतं? तिला बांधावरची झोपडी दिसली, ती काठी दिसली. हसून वेळ मारून न्यावी, असं तिनं ठरवलंही.

तेवढ्यात निशानं वरणावरचं झाकण नुसत्या हातानं उचललं. "पाहा, आता मी लोखंडाची," म्हणत तिनं ते सावकाश खाली ठेवलं. करंगळीशी टरारून फोड आलेला. निशाचं तिकडं लक्षच नव्हतं.

बायनाबाईनं फडकी खाली टाकली.

"निशा, इथी बस. डोळे मिट."

"काय खेळ हाये?"

"खेळ नाई. माहा हातही असाच व्हता. महारोगाच्या गोळ्या खाऊन राह्यली मी."

भात ढवळणारी मागं सरकली. बायनाबाईनं कुणाकडे पाहिलं नाही. खराट्याची काडी मोडून घेतली आणि निशाचा हात मांडीवर घेतला. निशानं हसत हसत डोळे मिटले.

अंगठ्याला काडी लागली. "हो."

मग करंगळीला. एकदा. पुन्हा एकदा. मग जोर देऊन.

"लावा ना बाई," निशा म्हणाली, "काऊन थांबल्या?"