भागीरथीने काशीत काय सोडलं

‘माई, जो सबसे प्यारा हो, वही छोड़ जाओ.’

काशीच्या घाटावरच्या पंड्याचा तो पान चघळत काढलेला आवाज दामाजीच्या कानात ठाण्याला परतल्यावरही वाजत राहिला. सत्त्याऐंशी साली नवराबायको जोडीने काशीला गेलेली. काशीला गेलं की आवडीचं काहीतरी गंगेला वाहून यायचं, ते पुन्हा आयुष्यात करायचं नाही. दामाजीने कारलं सोडलं. ते त्याने जन्मात कधी खाल्लं नव्हतं. भागीरथीने मात्र ओंजळीत पाणी धरलं, नवऱ्याकडे एकदा नीट पाहिलं, ओठातल्या ओठात काही पुटपुटली आणि ओंजळ रिकामी केली. काय सोडलं, ते सांगेना.

चेंदणीच्या कोळीवाड्यात पैजा लागल्या. शेजारची दगडाबाई म्हणाली, मासळी सोडली असणार. दामाजीने आधी चुलीकडे पाहिलं, कारण बाईने मासळी सोडली तर ती चुलीवरूनही जाणार. पण पहिल्याच सांजेला भागीरथीने बोंबील तळले आणि सगळ्यात मोठा स्वतःच्या ताटात घेतला. मग चहा असेल, तर चहा बशी भरून प्याली. मिश्री असेल, तर दात काळे ते काळेच. दगडाबाईशी भांडणं सोडलं असेल म्हणावं, तर सामान उंबऱ्यात टेकायच्या आत भांडण झालं होतं.

एक गोष्ट मात्र बदलली होती. दामाजी देवळातल्या भजनात बसायचा आणि स्वतःची हिंदी पदं रचायचा. हिंदी शिकला होता मासळी घ्यायला येणाऱ्या गिऱ्हाइकांकडून. इतकी वर्षं त्याने ‘हे परभूजी’ म्हणून तान घेतली, की जाळं विणत बसलेली भागीरथी हसायला लागे. हसता हसता कलंडे, सुई कुठे, दोरा कुठे. तो चिडे, ती आणखी हसे, आणि पद तिथेच बुडे. काशीहून आल्यापासून ती हसेना. त्याने तोंड उघडलं, की ही पदराचा बोळा तोंडात कोंबून मागच्या दारी सुकट बघायला जाई. दामाजीने ओळखलं, गंगामाई आपल्या जिभेवर येऊन बसली. आता यात्रेच्या मावंद्याला, गावजेवणात, साऱ्या गावापुढे गायचं.

मावंद्याचा दिवस आला. मांडवात गंगेचा गडू पुजला, पानं मांडली, आणि दामाजी उपरणं सावरत उभा राहिला.

गंगा मैया, मेरेकू पदर में ले,
जाला मेरा फाट्या, सुई-दोरा दे.
तेरे पानी में बोंबिल नहीं एक,
फिर भी मैया, मेरे तरफ देख.

मांडव हशाने फुटला. पूजा सांगायला आलेले भटजी पाटावरून घसरले. दगडाबाईच्या वाढपातलं वरण तिच्याच व्याह्याच्या मांडीवर गेलं. दामाजीला त्याचं काही वाटलं नाही. एवढ्या हसण्यात तो एकच हसू शोधत होता. भागीरथी खांबाला टेकून उभी होती. डोळ्यांत पाणी, ओठ घट्ट मिटलेले. ते मिटलेले ओठ पाहिले आणि तो पुढचं कडवं विसरला. पद बुडवणारं कुणी नसलं, तर ते गायचं तरी कुणासाठी?

पंगती उठल्या. भागीरथी उष्ट्या पत्रावळी गोळा करत होती, तिथे तो जाऊन उभा राहिला.

‘गो, सगला कोलीवारा हसला. तूच नाय हसलीस. माज्यावर जीव नाय राहिला काय तुजा?’

भागीरथीने पत्रावळी खाली ठेवल्या, हात धुतले, आधी गडूला नमस्कार केला.

‘पंडा काय बोलला? आवरीचं सोरायचं. बोंबलाहून मना गोर लागतं ते एकच, तुमच्या गान्याला हसनं. तेच गंगेत सोरून आलीय मी. आता दुसरं कडवं म्हनू नका, माजी काशी फुकट जाईल.’