पाच सिग्नलांचं कुलूप

नोव्हेंबरातल्या त्या एका गुरुवारी सगळा कोरिया श्वास रोखून बसतो. पोरांची कॉलेजप्रवेशाची परीक्षा असते ना. कचेऱ्या तासभर उशिरा उघडतात, वाट चुकलेल्या पोरांना पोलीस मोटरसायकलवर घालून शाळेच्या दारात नेऊन सोडतात, आणि दुपारी एक वाजून पाच मिनिटांपासून एक चाळीसपर्यंत, इंग्रजी ऐकण्याचा पेपर चालू असताना, विमानंसुद्धा उडत नाहीत की उतरत नाहीत. वरच्या वर घिरट्या घालत राहतात बापडी. पण विमानं थांबवणं सोपं हो, ती असून असून असतात किती? रस्त्यावरच्या ट्रकवाल्याला आणि त्याच्या हॉर्नला कोण आवरणार? या शहरात ते काम एकतीस वर्षं प्यो दालसूकडे होतं.

वाहतूक नियंत्रण केंद्राच्या मोठ्या खोलीत, भिंतभर पसरलेल्या नकाशासमोर, दालसूची खुर्ची होती. शहरातले अकराशे सिग्नल त्याला घरच्या भांड्यांसारखे ठाऊक. कुठला चौक सकाळी तुंबतो, कुठल्या वळणावर भाजीचे टेम्पो आडवे लागतात, झोपेतून उठवून विचारा, सांगेल. माणूस कामाचा पक्का, पण हेकट. आपण केलं तरच झालं, असं मानणारा. घरी भातसुद्धा बायकोने कुकरला लावला की हा झाकण उघडून बघणार.

अशा माणसाच्या शेजारी गेल्या उन्हाळ्यात सिग्नल चालवणारं एक यंत्र येऊन बसलं, गार हवेच्या कपाटात बंद. खोलीतली माणसं त्याला शेंडेफळ म्हणत, कारण सगळ्यांत उशिरा आलं आणि लाड सगळ्यांत जास्त. ते आणलं होतं थाक सेर्यंग नावाच्या तिशीतल्या इंजिनियर बाईने. तिने सांगितलं होतं, की याच्या पोटात आपलं शहर पुन्हा एकदा आहे. तेच रस्ते, त्याच बसगाड्या. आत्ता रस्त्यावर जे आहे ते बघून पुढच्या पंधरा मिनिटांत काय होईल, हे ते पोटातल्या शहरात हजारो वेळा घडवून बघतं आणि त्यातलं बरं तेवढं बाहेर करतं. कुणी शिकवलेलं नाही, स्वतःच चुकतमाकत शिकलंय. दालसूने नाक मुरडलं. म्हणाला, मी एकतीस वर्षं चुकतमाकतच शिकलोय, मला कुणी एवढं थंडगार कपाट दिलं नाही. बाकीचे हसले, सेर्यंगही हसली, पण दालसू शेंडेफळाकडे ढुंकून बघायला तयार नव्हता.

आणि यंदा तर मुळीच नाही. कारण यंदा दोंगसान शाळेतल्या केंद्रावर त्याची एकुलती एक लेक दाओन परीक्षेला बसली होती. तिसऱ्यांदा. मागच्या वर्षी ऐकण्याच्या पेपरात अकरावा प्रश्न चालू असताना शाळेबाहेर एका ट्रकने लांबलचक हॉर्न मारला आणि पोरीचे लागोपाठ तीन प्रश्न गेले. त्या तीन प्रश्नांनी वर्ष गेलं. आता ऐका गंमत. तो ट्रक ज्या सिग्नलवर अडकून वैतागला, तो सिग्नल दालसूने स्वतःच्या हाताने लाल करून ठेवला होता. शांतता राहावी म्हणून. हे त्याने बायकोला सांगितलं नाही, लेकीला तर नाहीच. फक्त परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी जेवताना तो एवढंच बोलला, की या वर्षी आवाज होणार नाही. दाओन मान खाली घालून सूप पीत राहिली.

एकाला दहा कमी असताना दालसूने खिशातली किल्ली काढून आपल्या टेबलावरच्या खाचेत घातली आणि दोंगसान शाळेभोवतीचे पाचही सिग्नल यंत्राकडून काढून आपल्या हाती घेतले. खोलीत याला कुलूप लावणं म्हणत. एकदा कुलूप लागलं की शेंडेफळाला तिथे हात लावता येत नसे. दालसूने शाळेकडे येणारे सगळे रस्ते लाल केले. अगदी मागच्या वर्षीसारखेच, फक्त यंदा पंधरा मिनिटं आधीपासून. चूक अर्धवट कळली की माणूस तीच चूक जरा जास्त जोर लावून करतो, तसं झालं हे. सेर्यंग जवळ येऊन हळूच म्हणाली, की शेंडेफळाने तिथे वेगळं काही योजलं होतं, गाड्या थांबवायच्या नाहीत, थोड्या थोड्या सोडत राहायच्या. दालसूने तिला मिक्स कॉफीची पुडी पुढे केली. म्हणजे बाई, आता जा.

एक पाचला खोलीतलं बोलणं थांबलं. हीही तिथली जुनी रीत. शाळा मैलभर लांब असली तरी त्या पस्तीस मिनिटांत नियंत्रण केंद्रात कुणी मोठ्याने बोलत नाही, खुर्ची सरकवत नाही. शिंक आली तर माणूस जिन्यात जाऊन शिंकून येतो.

एक वाजून नऊ मिनिटांनी खोलीतल्या अँब्युलन्सच्या टेबलावरचा दिवा लागला. तिथला माणूस फोन ऐकून घेऊन दबक्या आवाजात म्हणाला, की डोंगरावरच्या बेगुन मंदिरात एक बाई कोसळलीय. पन्नाशीची. सकाळपासून दंडवत घालत होती. हृदयाचं दुखणं दिसतंय, गाडी तिला घेऊन निघतेय.

बेगुन मंदिरात त्या दिवशी शे-दोनशे आया असतात. शाळेत पोरांचा पेपर सुरू झाला की इकडे यांचे दंडवत सुरू, तिकडे सुट्टी झाली की इकडे सुट्टी. फोन बंद करून बाहेरच्या टोपलीत टाकायचे. त्याची बायको इनसुक सकाळी सहालाच गुडघ्याला पट्टे बांधून तिथे गेली होती. वय बावन्न. त्याने टेबलाखाली धरून फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंदच.

भिंतीवरच्या नकाशावर तेवढ्यात शेंडेफळाने अँब्युलन्सची वाट निळ्या रेघेने काढली. मंदिर पश्चिमेला, इस्पितळ पूर्वेला, आणि मधून सरळ चार किलोमीटरचा रस्ता. पण ती रेघ सरळ न जाता दक्षिणेला नदीपर्यंत उतरली, पूल ओलांडून पुन्हा वर चढली. नऊ किलोमीटर. चौदा मिनिटं. दालसूचं डोकं फिरलं. आवाज चढवायची सोय नव्हती, तरी त्याने दात आवळून विचारलं, की याला अक्कल आहे का, पेशंट मरायला टेकलीय आणि हे तिला नदीची हवा दाखवायला नेतंय.

सेर्यंगने त्याच्या टेबलावरच्या किल्लीकडे बोट केलं.

"सर, सरळ रस्ता दोंगसान शाळेवरून जातो. तुमची पाच कुलपं म्हणजे शेंडेफळाला भिंत. भिंतीतून कसं जाईल ते?"

दालसूने शाळेजवळच्या कॅमेऱ्याचं चित्र मोठं केलं. त्याच्या लाल सिग्नलांमागे गाड्यांची रांग दीडशे मीटर झाली होती. दोन बसगाड्या, मधे एक सिमेंटचा ट्रक. ट्रकवाला खिडकीतून मान बाहेर काढून पुढे बघत होता. अगदी मागच्या वर्षीचाच देखावा. अजून मिनिटभराने हात हॉर्नवर जाणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

मागच्या वर्षीचा हॉर्न का वाजला, ते दालसूला आता पहिल्यांदाच नीट दिसलं. रहदारी अडवली की शांतता येते, असं तो एकतीस वर्षं धरून चालला होता. अडवलेली माणसंच ओरडतात, एवढी साधी गोष्ट त्याला कळली नव्हती.

अँब्युलन्सच्या टेबलावरून विचारणा झाली. ड्रायव्हर म्हणतोय, बाईला चौदा मिनिटं परवडणार नाहीत. सरळ रस्त्याने घुसतो, पण मग भोंगा वाजवावा लागेल, समोर रांग आहे. काय करू?

जीव वाचवायला भोंगा वाजवायची मनाई नव्हतीच कधी, परीक्षेच्या दिवशीसुद्धा नाही. पण त्या भोंग्याखाली चारशे पोरांचं वर्ष होतं आणि त्यांत दाओन होती. आणि गाडीत कोण होतं, ते त्याला ठाऊक नव्हतं. एका बाजूला लेक, दुसऱ्या बाजूला कदाचित तिची आई. असं त्रांगडं वैऱ्याच्या वाट्याला येऊ नये.

"कुलूप काढलं तर?" त्याने सेर्यंगला विचारलं. "भोंगा न वाजवता जमेल त्याला?"

"मला माहीत नाही, सर," ती म्हणाली. खोटं बोलली असती तर त्याने तिचं ऐकलं नसतं. "त्यालाच विचारून बघावं लागेल."

दालसूने किल्ली फिरवली. पहिल्या खेपेला ती फिरलीच नाही. दुसऱ्या खेपेला पाचही कुलपं गेली. मग त्याने दोन्ही हात टेबलावरून काढून मांडीवर ठेवले आणि ड्रायव्हरला निरोप दिला, की सरळ ये, भोंगा नको.

पहिले दहा सेकंद काहीच झालं नाही. पंधरा सेकंद. हात आपसूक किल्लीकडे निघाला होता, तोच सेर्यंगने नकाशाच्या पार दुसऱ्या टोकाकडे बघा म्हणून खूण केली. शाळेपासून तीन किलोमीटरवर, मासळीबाजाराजवळचा एक सिग्नल लाल झाला. तिथे ना अँब्युलन्स, ना शाळा. मग स्टेशनापुढचे दोन हिरवे झाले. एक बस तिच्या थांब्यावर अर्धं मिनिट जास्त उभी राहिली, आत बसलेल्यांना कळलंही नसेल. मग शाळेसमोरची रांग हलली. सिमेंटच्या ट्रकला डावीकडे मोकळी गल्ली मिळाली, त्याने मुकाट्याने वळण घेतलं. त्याच्यामागच्या चार गाड्या उजवीकडे. बसगाड्या सरळ, रमतगमत. कुणाला घाई करावी लागली नाही, कुणाला ताटकळावं लागलं नाही, आणि दोन मिनिटांच्या आत, भरदुपारी, ऐन शहरात चार किलोमीटरचा रस्ता पहाटेसारखा रिकामा झाला.

दालसू उभा राहिला. त्याच्यामागे खोलीतली सगळी माणसं उभी राहिली, कुणाच्याही खुर्चीचा आवाज न होता. एकतीस वर्षं तो एका चौकाकडे बघत आला होता, फार तर पाच चौकांकडे. हे अकराशे चौकांना एका वेळी बघत होतं. मासळीबाजारातला लाल दिवा शाळेसमोरच्या ट्रकला वाट देईल, हे एवढ्या लांबवरून त्याने कसं जाणलं, कोण जाणे. दालसूला देवळातल्या मोठ्या मूर्तीपुढे लहानपणी वाटायची तशी भीती वाटली, जिच्यात पळून जावंसं वाटत नाही. डोळ्यांत पाणी आलं, ते त्याने पुसलं नाही.

अँब्युलन्स पडद्यावर आली. छपरावरचा दिवा फिरत होता, आवाज शून्य. शाळेपुढे गिंकोच्या झाडांच्या पिवळ्या पानांचा खच पडला होता. फाटकावरच्या हवालदाराने बाजूला होऊन सलाम केला. गाडी एकसारख्या चालीने गेली, एकदाही थांबली नाही, एकदाही मागचा लाल दिवा लागला नाही. तिच्यामागे थोडी पानं उडाली आणि पुन्हा खाली बसली. भिंतीवरचं घड्याळ एक सतरा दाखवत होतं.

एक वीसला ती इस्पितळात पोचली. अँब्युलन्सच्या टेबलावरचा माणूस फोन ठेवून दालसूकडे आला आणि म्हणाला, की ड्रायव्हरने हात जोडलेत, असा रस्ता जन्मात बघितला नाही म्हणतोय. आणि पेशंटबरोबर एक बाई होती, तिने त्याला भंडावून सोडलं. शाळेजवळ भोंगा वाजवलास तर दार उघडून उडी टाकीन म्हणाली.

दालसू खाली बसला. ही धमकी त्याच्या ओळखीची होती. भाजी महाग लावली तर याच सुरात ती भाजीवाल्याला दिली जाई. त्याने विचारलं, पेशंट नाही ना, बरोबरची? बरोबरची, तो माणूस म्हणाला.

पावणेदोनला इस्पितळातून इनसुकचाच फोन आला. दाओनची मैत्रीण यूजू, तिच्या आईला आत नेलंय, डॉक्टर म्हणाले वेळेत आणलंत, अजून पाच-सात मिनिटं गेली असती तर कठीण होतं. यूजू दोंगसानलाच पेपर देतेय, तिला अजून काही कळवू नका. मग ती म्हणाली,

"अहो, सलाइनची बाटली हललीसुद्धा नाही हो. मी सारखी बघत होते."

साडेचारनंतर दालसू शाळेच्या फाटकाशी उभा होता. पालकांची ही गर्दी. दाओन बाहेर आली ती हळूहळू चालत, चेहऱ्यावरून काही कळेना. मागच्या वर्षी ती याच फाटकातून रडत आली होती. त्याने नुसतं दप्तर हातात घेतलं. गिंकोच्या पानांवरून दोघं बसथांब्याकडे निघाली. थोडं गेल्यावर तीच बोलली.

"आप्पा, इतकं शांत होतं की पुढच्या मुलीचं पोट गुरगुरलेलं ऐकू आलं. सगळं ऐकू आलं मला. कसं केलंत तुम्ही?"

हे वाक्य ऐकायला तो वर्षभर झुरला होता. होय म्हटलं असतं तर चाललं असतं, पोरीला काय कळणार होतं? दालसू चालता चालता थांबला. खिशातली किल्ली बोटांना लागत होती. मग त्याने मागच्या वर्षीचा तो हॉर्न, तो ट्रक, तो लाल सिग्नल, सगळं तिला सांगून टाकलं. सिग्नल कुणी लावला होता, तेही.

समोरचा सिग्नल हिरवा झाला, पुन्हा लाल झाला, दोघांपैकी कुणी रस्ता ओलांडला नाही.

"आणि यंदा?" तिने विचारलं.

"यंदा मी काही केलं नाही, बाळा," दालसू म्हणाला. "यंदा मी फक्त हात काढून घेतला."

दाओनने त्याच्या खिशात हात घालून त्याची बोटं धरली, लहानपणी रस्ता ओलांडताना धरायची तशी. सिग्नल हिरवा झाल्यावर दोघं पलीकडे गेली.