पेन्सिलीवरची शाई

बारा वाजता पुरस्कार जाहीर व्हायचा होता, आणि पावणेअकरा झाले तरी तिसरा अहवाल सापडत नव्हता.

लेकीने सकाळपासून सत्तावीस खोकी उपसली होती. आईने एकतीस वर्षं जमवलेले कागद ग्रंथालय परिषदेच्या इमारतीत, तळमजल्यावरच्या एका लांबट खोलीत आणून ठेवले होते. या मंडळींच्या भाषेत ते ‘करडं साहित्य’: खात्यांचे अहवाल, तपासण्या, समित्यांची टिपणं; जे कधी पुस्तक होऊन दुकानात येत नाही आणि काम झालं की रद्दीत जातं. आईने त्यातले पुलांचे तपासणी-अहवाल धरले होते. एखाद्या बांधकाम कचेरीतून रद्दी निघतेय असा सुगावा लागला की ती पिशवी घेऊन दारात हजर. घरात चेष्टा चालायची, की हिला पूल कोसळल्याची स्वप्नं पडत नाहीत, रद्दीवाला आधी पोचल्याची पडतात.

अशा कामाला परिषद दरवर्षी एक पुरस्कार देई. आईचं नाव तीनदा शेवटच्या यादीत आलं आणि तीनदा राहिलं. आठ महिन्यांपूर्वी ती गेली. गेलेल्या माणसाला पुरस्कार द्यायचा तर वर्षाच्या आत, असा नियम होता. म्हणजे आज, नाहीतर कधीच नाही.

परीक्षेची रीत जुनीच होती. परीक्षक सकाळी संग्राहकाने कागदागणिक लिहिलेल्या कार्डांच्या पेटीतून न बघता तीन कार्डं उचलत, आणि त्या कार्डांवर नोंदलेले तिन्ही कागद साडेअकराच्या आत टेबलावर यायला हवेत. दोन तर दहा मिनिटांत आले. तिसरं कार्ड नदीवरच्या जुन्या पुलाचं होतं. तपासणी अहवाल, पानं बावन्न.

खिडकीशी एक परीक्षक बसून होते. निवृत्त ग्रंथपाल, कोटाची सगळी बटणं लावलेली. आई घरात त्यांना ‘टाचणी’ म्हणायची, कारण दर बैठकीत ते तिला कुठे ना कुठे टोचायचेच. सकाळपासून त्यांनी घड्याळाकडे बघण्यापलीकडे काही केलं नव्हतं, आणि तेवढ्यानेच लेकीच्या हातातली खोकी जड होत होती.

दादा वरच्या सभागृहातून खाली आला. खुर्च्या भरत आल्या होत्या, पहिल्या रांगेत दोघांच्या नावाच्या चिठ्ठ्याही लागल्या होत्या. त्याने बहिणीला खोक्यांच्या आड घेतलं आणि हळूच सांगितलं, की त्याने नियम वाचलेत. तीनातला एक कागद गहाळ असला तर चालतं, तसं लिहून द्यायचं फक्त.

“हरवला म्हण आणि मोकळी हो, चिमे. घरातून सामान हललं, एखादा कागद इकडेतिकडे होणारच.”

तिलाही ते पटलं होतं. तशी चिठ्ठी लिहायला ती टेबलाशी बसलीसुद्धा. तेवढ्यात टाचणी पहिल्यांदा बोलले.

“लिहा, लिहा. कार्ड शाईत आहे, म्हणजे अहवाल होता. त्यात मला शंका नाही.” मग ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, “आमचं पटलं नाही कधी. पण नुसतं कानावर आलेलं ती पेन्सिलीने लिहायची. कागद हातात आला, पानं मोजली, की मगच शाई चढवायची आणि खालची पेन्सिल खोडून टाकायची. एकतीस वर्षांत चुकली नाही.”

लेकीच्या हातातलं पेन तिथेच थांबलं.

दवाखान्यातले शेवटचे दोन महिने. आईची नजर मंदावत चालली होती आणि तिला तिची कार्डं हवी होती. घरून आणलेल्या गठ्ठ्यात काही कार्डं अगदी फिकी, पेन्सिलीची होती. एका दुपारी आईचा डोळा लागला तेव्हा लेकीने आईच्याच पेनने एकेक फिकं कार्ड गिरवलं. जाग आल्यावर तिला वाचता यावं, एवढंच मनात होतं. आईने उठून ती कार्डं डोळ्यांशी धरली होती. तोवर तिला अक्षर आणि कागद यांतला फरकही कळत नव्हता. “छान दिसतायत,” ती म्हणाली होती.

लेक उठून खिडकीशी गेली. तिने कार्ड तिरकं करून उजेडात धरलं. शाईच्या प्रत्येक रेघेखाली पेन्सिलीची करडी चमक होती. ‘बावन्न’च्या खालीही.

टाचणींचा चष्मा कपाळावर होता. त्यांना काही दिसलं नव्हतं. दादाला मात्र तिचा चेहरा दिसला. काय ते त्याला कळलं नाही, पण ती बोलणार हे कळलं, आणि त्याने मान हलवून नको म्हटलं.

ती मनात हिशेब मांडत राहिली. आई गेलेली. पुरस्कार वीस पावलांवर, एक जिना वर. कुणाचं काय बिघडणार होतं? मग तिला दिसलं, कुणाचं ते. उद्या एखादा अभियंता ही पेटी उघडेल, शाईतलं कार्ड बघेल आणि धरून चालेल की त्या पुलाची त्या साली तपासणी झालीच होती. झाली असेलही. नसेलही. आईला माहीत नव्हतं, म्हणून तर पेन्सिल होती.

अध्यक्षबाई साडेअकराला पाच कमी असताना आत आल्या आणि त्यांनी चिठ्ठीसाठी हात पुढे केला.

“अहवाल हरवलेला नाही,” लेक म्हणाली. “तो आमच्याकडे कधी नव्हताच. कार्डावर शाई मी चढवलीये, तिला न विचारता.”

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. अशी किती कार्डं, एवढंच विचारलं. चाळीसेक असतील, तिने मोजली नव्हती. पेटीत सव्वीसशे कार्डं होती. बाई म्हणाल्या, की आज या यादीची हमी देता येणार नाही, आणि हमीशिवाय त्यांना नाव वाचता येणार नाही. दादाने पुढच्या वर्षीचं विचारलं. पुढच्या वर्षी नियमात बसत नाही, त्या म्हणाल्या, आणि मान खाली घालून जिन्याकडे गेल्या.

“एक वाक्य गिळायचं होतं,” दादा म्हणाला. “आईसाठी एक वाक्य.”

तोही वर निघून गेला. पहिल्या रांगेतल्या दोन्ही खुर्च्या रिकाम्या दिसायला नकोत म्हणून असेल.

तिने पेटीचा पहिला खण ओढला आणि कार्ड उजेडात तिरकं धरलं. मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. टाचणींनी कोटाची बटणं सोडली, चष्मा नाकावर घेतला आणि दुसरा खण आपल्यापुढे ओढला. वर तुमची वाट बघत असतील, ती म्हणाली.

“भाषणं पाठ आहेत मला. चमक आली की डावीकडे ठेवू ना?”

बरोबर बाराला डोक्यावर टाळ्या सुरू झाल्या. बराच वेळ चालल्या. डावीकडे तोवर तीन कार्डं जमली होती, आणि चौथं बघताना लेकीला अक्षरं नीट दिसेनाशी झाली. टाचणींनी तिच्या हातातून कार्ड घेतलं, खिडकीत धरलं, एकदा, मग उलट बाजूने पुन्हा एकदा.

“खाली काही नाही,” ते म्हणाले. “हे तिचंच आहे.” आणि ते त्यांनी खणात परत, त्याच्या जागी लावलं.