गोरेगाव फाट्यावरचं अभिनंदन

मी फ्लेक्स बोलतोय. दहा बाय सहाचा, चार बांबूंवर ताणलेला, गोरेगावच्या जीप थांब्यासमोरचा. मान वर करून ऐका, मला खाली बघून बोलायची सवय आहे.

सेनगावच्या एका दुकानात पाऊण तासात माझा जन्म झाला. पोटावर लाल अक्षरात छापलं, ‘कु. शिला भीमसिंग आडे हिची एम.एस्सी. रसायनशास्त्रासाठी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!’ शिलाचा फोटो एका कोपऱ्यात. दुकानदारानं तिच्या मुंडक्याखाली कुणाचा तरी काळा पदवीचा झगा चिकटवला. खाली बावीस शुभेच्छुक, कुणी गॉगल लावलेले, कुणी मोबाईल कानाला लावलेले. तिची आई पारुबाई कुठंच नाही. तिचा फोटो मागायचं कुणाला सुचलंच नाही.

आणि निवड? ती झालेलीच नव्हती.

पोरीला बी.एस्सी.ला अठ्ठेचाळीस टक्के. दुसऱ्या वर्षाला फिजिक्समध्ये गचकली होती, तो विषय पुढच्या वर्षी निघाला. असल्या मार्कांवर पुढं कोण घेईल, या काळजीनं महिनाभर तिला जेवण गोड लागेना. तरी हिंगोलीच्या एका कॉलेजात तिनं अर्ज भरला. मग मोबाईलवर गुणवत्ता यादी आली. तिचा काका गुलाबसिंग नाव बघूनच नाचायला लागला. तांड्यावरून एम.एस्सी.ला जाणारी पहिली पोरगी!

“काका, अर्ज भरलेल्या सगळ्याईचीच नावं असत्यात त्यात,” शिला म्हणाली. “माझा नंबर एकशे सत्त्याऐंशी हाय. जागा चोवीस.”

“नंबर कितवाबी असू दे. नाव छापून आलं ना?”

झालं! दुसऱ्या दिवशी मी फाट्यावर. भीमसिंगनं पेढे वाटले. लोक माझ्याकडं बघून त्याला रामराम घालू लागले. चार एकर कोरडवाहूवाल्या माणसाला असा रामराम कधी मिळाला होता? त्याची मान ताठ झाली आणि शिलाची खाली गेली. मला फार मजा वाटली.

पंधरा दिवसांनी कॉलेजनं शेवटची फेरी लावली. उरलेल्या जागा, जो स्वतः हजर राहील त्याला. शिला सकाळीच फाईल छातीशी धरून फाट्यावर आली. चेहऱ्यावर किती दिवसांनी जरा रंग होता. समोर देविदासच्या हॉटेलात तिचा बाप नि काका चहा पीत बसले होते.

“कुठं निघालीस गं?” देविदासनं विचारलं.

“हिंगोलीला. प्रवेश घ्यायला.”

“आँ? तो तर झाला ना?”

हॉटेलातल्या सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मग भीमसिंगकडं.

“पुस्तकं आणायला चालली ती,” भीमसिंग घाईघाईनं म्हणाला आणि पोरीला बाजूला, नेमकं माझ्या खाली घेऊन आला. “घरी चल.”

“बा, आज एकच दिस हाय. अकराच्या आत पोहोचावं लागतंय.”

“अन् तिथं आपल्या इकडचं कुणी भेटलं तर? प्रवेश मागून राहिली म्हणून गावभर होईल. अख्ख्या गोरेगावानं वाचलंय, शिले! मी तोंड कुठं लपवू?”

“पण बा, तो झालेलाच न्हाई!”

“हळू बोल.”

जीपवाल्यानं दोनदा हॉर्न दिला. शिलानं वर माझ्याकडं बघितलं. त्या झग्यातलं तिचंच तोंड तिच्याकडं बघून हसत होतं. मला काय, छापलेलं तोंड हसतंच. जीप निघून गेली.

तीन दिवसांनी तिची मैत्रीण मंजुषा जीपमधून उतरली, ती ओरडतच. “शिले, मला भेटला गं प्रवेश! बेचाळीस टक्क्यावर! सात जागा तर रिकाम्याच ऱ्हायल्या. तू काहून आली न्हाईस?”

शिलानं फक्त माझ्याकडं बोट केलं. मंजुषानं मला वरपासून खालपर्यंत वाचलं आणि म्हणाली, “अगं, मंग सांगायचं न्हाई का! कोणत्या कॉलेजात?”

आता दिवाळी झाली. उन्हानं शुभेच्छुकांची तोंडं पांढरी पडलीत, पण माझी अक्षरं पक्की आहेत. गुलाबसिंग मला काढत नाही, काढला तर लोक विचारतील. लोकांनी विचारू नये म्हणूनच भीमसिंग पोरीला रोज सकाळी पाठीवर बॅग देऊन जीपमध्ये बसवतो. ती सेनगावच्या बसस्टँडवर उतरते. एका बाकड्यावर पाच वाजेपर्यंत बसते. डबा खाते आणि परत येते. पारुबाई डबा भरताना रडते म्हणे. रडेना का, माझ्यावर तिचा फोटो नाही.

बायांनो, बापांनो, तुमच्या लेकराचं नाव कुठल्याही यादीत दिसलं की मला जरूर छापा. लेकराला विचारत बसू नका. ते खरं सांगेल आणि सगळा विचका होईल.

परवा गुलाबसिंग माझ्याखाली उभा राहून भीमसिंगला म्हणाला, “दोन वर्षांनी पास झाली की याच्याहून मोठा लावू.” शिला शेजारीच होती, बॅग घेऊन.

“व्हय काका,” ती म्हणाली आणि जीपमध्ये चढली.